जीपचा जन्म सगळे सांगतात, जतन कोणी सांगत नाही

#धागा : हर्णे बंदर, खारा वारा आणि जुन्या जीपचे लांबलेले आयुष्य.

हर्णेच्या पुळणीवर दुपार कलली की बैलगाड्या समुद्रात शिरतात. पाणी बैलांच्या पोटाला लागेपर्यंत गाडीवान पुढे जातो, होड्यांवरची मासळी गाडीत भरून घेतो आणि किनाऱ्याला परत येतो. मग लिलाव सुरू होतो. समोर सुवर्णदुर्ग उभा असतो. त्याच वेळी जीपवाले आणि टेम्पोवाले मात्र आपली वाहने वर, कोरड्या जागी लावून वाट पाहतात. पाहुण्याला याचे नवल वाटते. घाट चढणारी, चिखल तुडवणारी, चारही चाकांनी ओढणारी गाडी पाण्याला का भ्यावी? त्याचे उत्तर जीपच्या ज्या इतिहासात आहे, तो सहसा लिहिला जात नाही.

लिहिला जातो तो इतिहास असा : १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी वाहनासाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. पहिला नमुना बॅन्टम या छोट्या कंपनीने दिला, पण मोठे उत्पादन विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेले. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. ऑक्टोबर १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन झाली. तिच्या नावातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. मुंबईत माझगावला विलीजच्या सुट्या भागांची जुळणी सुरू झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रमाला आरंभ झाला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप खेड्यांच्या वाटेला लागली.

यातले सगळे खरे आहे. परंतु हा जन्माचा वृत्तान्त झाला. जन्मल्यानंतरची तीस-चाळीस वर्षे ती वस्तू कोणी टिकवली, कशी टिकवली, हे त्यात कुठेच येत नाही. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने २००६ च्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात हाच आक्षेप मांडला होता : तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांनी लिहिला जातो, वापर आणि देखभाल यांनी लिहिला तर तो फार वेगळा दिसतो. जीपला हा आक्षेप पुरेपूर लागू पडतो.

गंमत अशी की स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळा जीपचाच होता आणि तोही दुरुस्तीचा. १९४८ मध्ये लंडनमधील उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या मार्फत सैन्यासाठी डागडुजी केलेल्या जुन्या जीपांचा करार झाला. प्रत्यक्षात आल्या त्या दीडशेच्या आसपास, आणि त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या. हा प्रसंग राजकारणाच्या इतिहासात नोंदला जातो. मात्र त्यामागची साधी गोष्ट, की डागडुजी नीट झाली आहे की नाही हे बघायला पारखी नजर लागते, तशीच राहून जाते.

ती नजर पुढे गावोगावच्या गॅरेजांत तयार झाली, कारण जीपची रचनाच दुरुस्तीला अनुकूल होती. दोन लांब पोलादी तुळ्या आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे अशी शिडीसारखी चासी, तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी, आणि बहुतेक सपाट पत्रे. असा पत्रा गावातला कारागीर हातोडीने ठोकून नव्याने घडवू शकतो. विलीजच्या सीजे-३बी या नमुन्याचे बॉनेट उंच दिसते, कारण तिच्या 'हरिकेन' पेट्रोल इंजिनात आत घेणाऱ्या झडपा माथ्यावर नेल्यामुळे इंजिनाची उंची वाढली होती. त्या उंच पेटीत पुढे बरेच काही मावले. १९७३ नंतर पेट्रोल महागले, तसे अनेक मालकांनी पेट्रोल इंजिने काढून डिझेल बसवली. कंपनीनेही डिझेलची वाट धरली आणि ऐंशीच्या दशकातल्या एमएम ५४० मध्ये प्यूजोचे एक्सडीपी ४.९० हे इंजिन आले. थोडक्यात, अमेरिकी सांगाडा, फ्रेंच हृदय आणि स्थानिक हातोडी. अशा वाहनाचे 'मूळ रूप' शोधत बसणाऱ्या संग्राहकांना हे रुचत नाही; पण त्याचे खरे चरित्र हेच आहे.

आता हर्णेच्या खाऱ्या हवेकडे येऊ.

समुद्राच्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते पत्र्यावर बसतात, हवेतला ओलावा शोषतात आणि लोखंडावर सतत एक खारट ओल राखतात. दापोली तालुक्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्या पृष्ठभागांवरचे मीठ त्याने धुऊन जाते. चासीच्या पोकळ्या, बॉडी आणि चासी यांमधले रबर, पाट्यांच्या थरांमधली जागा, ब्रेकच्या नळ्यांचे वळण या जागा मात्र पावसाने धुतल्या जात नाहीत, आणि गंज तिथूनच सुरू होतो. रंगावर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बहुधा संपलेला असतो.

समुद्रात गाडी घालण्याचा धोका याहून निराळा आहे. धावून आलेल्या गाडीचा आस आणि हब तापलेले असतात. ते अचानक थंड पाण्यात गेले की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलच्या कडेने किंवा ब्रीदरमधून पाणी आत ओढून घेते. काही दिवसांनी डिफरन्शियलचा बूच काढला की ऑइल दुधट दिसते. बैलगाडीच्या चाकाला सील नसते. पाणी आले तसे निघून जाते, वंगण पुन्हा भरता येते. म्हणून गाडीवान निर्धास्त आत जातो आणि जीपवाला वर थांबतो. दोघेही आपापले यंत्र नीट ओळखून असतात.

येथे एक जुनी शिस्त लक्षात घ्यावी लागते. कोकणात पावसाळ्याआधीच्या तयारीच्या दिवसांना आगोट म्हणतात. त्या दिवसांत कौले फिरवून घरे शाकारायची, जळण भरायचे, वर्षाची बेगमी करायची. मासेमारी बंद होण्याच्या सुमारास होड्या ओढून वर घ्यायच्या. त्यांच्या फळ्यांचे सांधे भरायचे, लाकडाला तेल द्यायचे. जुनी जीप सांभाळणारेही तिला याच पंचांगात बसवतात. पाटे सोडवून साफ करायचे, ग्रीस निपलांतून जुने ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरायचे, चासी खरवडून रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, फ्लोअरच्या पत्र्याला आलेली भोके पुरती कापून ठिगळ जोडायचे. (चासीला जळके ऑइल फासण्याची प्रथाही सर्वत्र आहे. गंज त्याने थांबतो खरा, पण पहिल्या पावसात ते विहिरीकडे आणि समुद्राकडे वाहते; ही प्रथा सोडलेली बरी.)

ही शिस्त जीपच्या आधीची आहे, सुवर्णदुर्गाच्या काळची आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांच्या तटांत वाढणारी झाडी वरचेवर काढण्याची सूचना आहे आणि पावसाळ्यात आरमाराची छावणी कशी करावी याचाही विचार आहे. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला, ती तारीख पाठ्यपुस्तकांत आढळते. पण त्याआधीची कित्येक दशके त्या जलदुर्गाच्या आसऱ्याने गलबते टिकली ती दर पावसाळ्याआधीच्या कामामुळे. त्या कामाला तारीख नसते, म्हणून ते इतिहासात येत नाही.

हा प्रश्न आज कायद्यातही उतरला आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवता येते. '१५ वर्षे झाली, आता गाडी मोडीत' हा समज महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. वयाची सरळ बंदी दिल्ली आणि परिसरासाठी आली, डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची. महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर २०१० पासून पर्यावरण कर आहे. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात आली. गटविकास अधिकाऱ्याच्या जीपचा प्रवास तिथे थांबला.

या धोरणाची बाजू पोकळ नाही, हे मान्य केले पाहिजे. जुन्या डिझेलचा धूर खरा आहे. त्या जीपमध्ये एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि अपघातात तिचा सुकाणूदांडा चालकाच्या छातीशी दयामाया दाखवत नाही. नव्या गाड्यांच्या बॉडीला विद्युतप्रक्रियेने लागणारा प्राथमिक थर पोकळ्यांतही पोहोचतो, त्यामुळे गंजाशी त्या अधिक चांगल्या झुंजतात. शहरातल्या रोजच्या वापरासाठी चाळीस वर्षांच्या जीपची वकिली करणे हा हट्ट ठरेल.

पण कागदावरचे वय आणि लोखंडाचे वय या दोन गोष्टी आहेत. हर्णेला उघड्यावर टाकलेली पाच वर्षांची गाडी आणि पंढरपूरच्या कोरड्या हवेत छपराखाली राहिलेली वीस वर्षांची गाडी यांत चासी कोणाची आधी जाईल, हे सांगायला अभियंता लागत नाही. कर आणि शुल्क दोन्ही मोजतात ते वर्षांनी. किनारपट्टीच्या जिल्ह्यांत तपासणीचा भर चासीवर, ब्रेकच्या नळ्यांवर आणि धुरावर असावा. ज्याचे यंत्र त्यात उतरले त्याच्याकडून केवळ जन्मवर्षासाठी जास्त पैसे घेऊ नयेत. जी बनवताना लोखंड आणि कोळसा एकदा खर्च झाला आहे, ती गाडी वर्षातून थोडी आणि नीट चालवली जात असेल, तर ती मोडून नवी घडवण्यात पर्यावरणाचा किती लाभ आहे, हेही प्रत्येक वेळी तपासून पाहावे.

उलट ज्या गाड्यांना वयाची अडचण नाही, त्यांचे वर्तन पाहावे. दर हिवाळ्यात दापोलीच्या किनाऱ्यांवर नव्या कोऱ्या चारचाकी लाटांत घातल्या जातात, रुततात, भरती येते आणि मग ट्रॅक्टर शोधला जातो. आंजर्ले, केळशी या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे याच ऋतूत अंडी घालतात. सुमारे ५० दिवस ती वाळूखाली असतात आणि चाकांनी दडपलेल्या वाळूतून पिलांना वर येणे अवघड जाते. जाहिरातींनी अशा गाडीची मालकी म्हणजे लाटांत उडवलेले पाणी, असे चित्र उभे केले. ते पाणी पुढे वर्षभर पाट्यांत बसून काय करते, हे जाहिरातीत येत नाही.

जीपचे इंजिन बदलता येते आणि रीतसर मंजुरीने तशी नोंद करून घेता येते. बॉडी बदलते, पाटे बदलतात, आस बदलतो. चासीवर ठोकलेला क्रमांक तेवढा बदलत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती जीप म्हणजे तो क्रमांक. तेवढी जागा गंजून वाचेनाशी झाली, तर बाकीची गाडी कितीही धडधाकट असो, तिची ओळख सिद्ध करणे जिकिरीचे होते. म्हणून जाणता मालक आगोटीच्या कामात बाकी सगळे उरकल्यावर त्या बोटभर आकड्यांवरची माती पुसतो, ते नीट वाचता येतात ना हे पाहतो, आणि वर ग्रीसचा जाड थर देतो.