लेबलवर नाव कोणाचं?

मागच्या दिवाळीआधी आमच्या वस्तीतल्या एका बचत गटाने भाजणी आणि कांदा-लसूण मसाला विकायला काढला. लेबलं घरीच, कॉम्प्युटरच्या प्रिंटरवर छापलेली. मी पाकीट उलटून वाचलं, तर 'उत्पादक' या शब्दापुढे एका पुरुषाचं नाव! मिरच्यांची देठं काढण्यापासून पाकिटं बंद करण्यापर्यंत सगळं काम सहा बायकांनी केलेलं. "हे कोण?" मी विचारलं. "आमचे हे," ज्यांच्या घरी प्रिंटर होता त्या मावशी म्हणाल्या. "लेबल मुलानं केलं, त्यानं वडिलांचं नाव टाकलं. तसंच असतं ना?" सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

'तसंच असतं' म्हणत आपण काय काय सोडून दिलं! बायकोच्या नावावर जमीन करा, हे सांगायला १९९०च्या सुमारास शेतकरी संघटनेला 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घ्यावा लागला. रेशनकार्डावर घरातली सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख, हे ठरायला २०१३चा अन्नसुरक्षा कायदा यावा लागला. लेबल त्या मानाने चिमूटभर कागद. पण तो आपल्याच हातातला आहे.

छापखान्यात लेबलं हजाराच्या हिशेबात टाकावी लागतात. भाव बदलला की गठ्ठा वाया, म्हणून चुकीचं नावही वर्षानुवर्षं चालवून घेतलं जातं. घरी मात्र ए-फोर आकाराच्या एका चिकट कागदावर चोवीस लेबलं निघतात. उद्याच्या कागदावर नाव बदलता येतं. खर्चाची सबब उरलेली नाही.

अर्थात, नुसतं लेबल बदलून भागत नाही. खाण्याच्या पाकिटावर घटक, वजन, किंमत, तारखा, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक लागतो. चौकशी केली, तर या गटाची नोंदणीही 'ह्यां'च्याच नावाने झालेली. म्हणून सुरुवात तिथून करायला हवी: आधी नोंदणी गटाच्या किंवा बाईच्या नावाने, मग लेबल. दुसरी गोष्ट भाषेची. नियमाप्रमाणे हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत लागतो. मराठी जोडीला चालते. मग ती जोडीला असलीच पाहिजे. आपण केलेल्या मसाल्यावर काय लिहिलंय, हे आपल्यालाच वाचता येऊ नये?

आता प्रिंटर. 'मुलगा कॉलेजातून आला की छापू' यात ऑर्डरी अडकतात. आम्ही दोन रविवार बसलो. आधी साध्या कागदावर छापायचं, तो लेबलच्या कागदावर ठेवून उजेडासमोर धरायचा, चौकटी जुळतात का बघायचं. आकार शंभर टक्के ठेवायचा, 'फिट टू पेज' नाही. लेसर प्रिंटरमध्ये लेसरसाठीचाच कागद घालायचा, नाहीतर उष्णतेने गोंद आत चिकटतो. काही लेबलं काढून घेतलेला कागद पुन्हा घालायचा नाही. इंकजेटची शाई ओल्या हाताने पसरते, म्हणून हात कोरडे हवेत. झालं! पाच किलोच्या भाजणीचं प्रमाण ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना यात न जमण्यासारखं काय आहे?

"नावात काय एवढं? पैसे घरातच येतात ना!" असं एका ताईंनी विचारलं. पैसे घरात येतात, पण ऑर्डरचा फोन लेबलवरच्या नावाला येतो. बँकेत 'धंदा कोणाचा' म्हणून विचारतात, तेव्हा कागदावरचं नाव बघतात. उद्या घरात बिनसलं, तर सहा जणींनी उभा केलेला धंदा त्यांचा होता, हे कशावरून दाखवणार?

आणि नाव आलं की जबाबदारीही येते. घरी छापता येतं म्हणून उरलेल्या मालाला नवी तारीख चिकटवण्याचा मोह होतो. ती सरळ फसवणूक आहे, आणि आता ती आपल्या नावाने होईल.

गटाची नवी नोंदणी झाली. पहिला कागद मावशींनीच छापला. तो तिरका गेला, दुसरा बरोबर आला. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत आपल्या गटाचं एक पाकीट हातात घ्या आणि मागची बाजू मोठ्याने वाचा. तुम्ही तिथे आहात का?