मधल्या सुटीची विचारसभा

पाश्चात्त्य देशांतील अनेक विद्यापीठांत एक साधी रीत आहे. ठरलेल्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या वेळी अध्यापक, विद्यार्थी व गावातील एखादा जाणता गृहस्थ एका खोलीत जमतात, आपापली शिदोरी सोडतात, आणि राज्यकारभाराच्या एखाद्या चालू प्रश्नावर तासभर बोलतात. मंडप नाही, हारतुरे नाहीत. ही रीत सातारा व सांगली येथील महाविद्यालयांनी उचलावी, अशी आमची सूचना आहे. आणि ती ऐकून 'आपल्याकडे व्याख्यानांचा काय तुटवडा आहे?' असे जे विचारतील, त्यांच्याशीच आज आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत.

तुटवडा नाही हे खरे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि पुढे अनेक गावांनी तो कित्ता गिरविला. ह्या मालांनी केलेल्या लोकशिक्षणाचे ऋण कोण नाकारील? परंतु त्या बहुधा सायंकाळी भरतात. सायंकाळच्या सभेस कोण येऊ शकतो? ज्याचे घर सभागृहापासून चार पावलांवर आहे व ज्याला रात्री घरी परतताना कोणी जाब विचारीत नाही, तो. जावळी-कोरेगावच्या खेड्यांतून साताऱ्यास किंवा तासगावच्या खेड्यांतून सांगलीस एस्.टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्याची गाडी सभा सुरू होण्यापूर्वीच निघून जाते. मुलींची अडचण तर त्याहूनही मोठी. सभेची वेळ जो ठरवितो तो श्रोतेही ठरवितो. दुपारी मात्र हे सर्व विद्यार्थी गावात असतात, आणि भाकरीचा डबाही त्यांच्यापाशी असतो.

ही गोष्ट क्षुल्लक आहे काय? एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने, १९८८ साली संमत झालेल्या, मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीस उभे राहता येते. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांकरिता राखून ठेवण्याचा कायदा केला. म्हणजे जी मुलगी आज गाडीच्या धास्तीने सभागृहाच्या दारावरून निघून जाते, तीच उद्या सरपंच होऊन गावच्या जमाखर्चावर सही करणार! चार लोकांत उभे राहून एक प्रश्न विचारण्याची संधी जिला कधी मिळाली नाही, तिच्याकडून सहीपूर्वी कागद वाचून दाखविण्याचा आग्रह धरला जाईल, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करावी? मग तिच्या नावाने कारभार दुसराच कोणी हाकतो आणि आपण स्त्रियांनाच नावे ठेवतो.

विद्यालयांत राजकारण शिरले म्हणजे हाणामाऱ्या होतात, असा दुसरा आक्षेप आहे. ह्याच भयाने विद्यापीठांच्या १९९४ च्या कायद्यात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची रीत आली. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद पुन्हा करावी लागली. तेवढ्या काळात राजकारण दाराबाहेर राहिले काय? पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकांतून व हातातल्या फोनवरील निरोपांतून ते आत आलेच. बाहेर राहिला तो विचार. हाणामारीवर उपाय मुकेपणा नव्हे. विरोधकाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सवय हाच उपाय होय.

ही भूमी ह्या सवयीस परकी नाही. आजच्या सांगलीचा मोठा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत होता, आणि ह्याच अखंड जिल्ह्यात १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील प्रभृतींच्या प्रतिसरकारने गावोगाव लोकांची न्यायदान मंडळे चालविली. त्याआधी, १९२४ साली, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास वसतिगृह काढून निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीस बसविली. १९२७ साली महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. पंगतीतला भेद मोडण्यास तेव्हा मोठे धैर्य लागले. बोलण्यातला भेद अद्याप शिल्लक आहे: कोणी व्यासपीठावरून बोलावयाचे व कोणी खाली बसून टाळ्या वाजवावयाच्या, हे आधीच ठरलेले असते. कर्मवीरांच्या नावाचे विद्यापीठ २०२१ साली साताऱ्यास स्थापन झाले. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय तर १९१९ पासूनचे. हा दुसरा पंक्तिभेद मोडण्याचा मान ह्या संस्थांनी का घेऊ नये?

नियम थोडेच हवेत. वक्त्याने पंधरा मिनिटे बोलावे. उरलेला वेळ प्रश्नांचा. पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा असावा, अध्यापकाचा नव्हे. वादग्रस्त विषयास दोन्ही बाजूंचे वक्ते बोलवावेत. शाल व श्रीफळ घरी ठेवावे. विषय शोधण्यास दूर जाणे नको: २०१९ व २०२१ साली कृष्णेच्या पुराने सांगलीची जी दैना केली तिची कारणे; कोयना धरणाने उठविलेल्या गावांचे पुनर्वसन; टेंभू व म्हैसाळ योजनांचे पाणी आणि त्याची वीजबिले; जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक.

व्यापारी बंधूंस आमची खास विनंती आहे. महाविद्यालयास देणगी देऊन भिंतीवर नाव कोरविण्याची रीत आपणांस ठाऊक आहे. ह्या वेळी पैशाऐवजी एक दुपार द्या. सांगलीच्या पेठेत हळदीचा भाव कसा ठरतो, अडत व तोलाईचा हिशेब काय असतो, हे आपण ह्या मुलांपुढे सांगावे, आणि हळद पिकविणाऱ्याच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नास तेथल्या तेथे उत्तर द्यावे. प्रश्न अडचणीचा असेल. पण जी पेढी प्रश्नास भीत नाही तिची पत अशाने वाढतेच.

ह्या उपक्रमास अनुदान नको, ठराव नको, उद्घाटक तर मुळीच नको. एक खोली, एक तास आणि ऐकून घेण्याची तयारी एवढेच भांडवल पुरे. प्राचार्यांनी पुढल्या सत्राच्या वेळापत्रकात हा तास घालावा. तो कोणत्या महाविद्यालयाने घातला व कोणत्या महाविद्यालयाने टाळला, ह्याची विचारपूस पालकांनी करावी.