नामंजुरीचा शेरा

सरकार कृपाळू होऊन गरिबाच्या हातावर काही ठेवते, ते मिळाले तर डोळ्यांस लावावे, न मिळाले तर मुकाट्याने घरची वाट धरावी, त्यावर अपील करणे म्हणजे याचकाने यजमानावर फिर्याद लावण्यासारखे आहे, असे मत परवा एका निवृत्त अव्वल कारकुनांनी आमच्या ओसरीवर बसून मांडले. गृहस्थ सज्जन आहेत आणि मत त्यांच्या एकट्याचे नाही, म्हणूनच त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे.

निमित्त होते आमच्या आळीतील शिंप्याचे. पोलिओने त्याचा उजवा पाय लहानपणीच बारीक झाला. पुढे अपघातात मनगट आखडले, तेव्हापासून कातरीच्या कड्याला चिंधी गुंडाळून तो कापड बेततो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी त्याने केलेल्या अर्जावर तांबड्या शाईत एकच शब्द परत आला: ‘अपात्र’. उत्पन्न आड आले की टक्के, हे कळण्यास त्याला कचेरीचे चार हेलपाटे पडले. अपंगत्व ४० टक्के हवे होते, दाखल्यावर ३८ होते. आणि त्या दाखल्यात पायाचे वर्णन होते, मनगटाचा नामनिर्देशही नव्हता.

आता यास भिक्षा म्हणावे काय? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या २४ व्या कलमाने, उत्पन्नाची मर्यादा घालून का होईना, अपंगत्व निवृत्तिवेतन शासनाच्या योजनांत गणले आहे; आणि ज्या अधिनियमाने दाखला देणारा अधिकारी निर्माण केला, त्यानेच ५९ व्या कलमात त्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील ठेवले आहे. अपील करणारा कृतघ्न ठरत असेल, तर त्या कृतघ्नतेचा पहिला मान संसदेकडे जातो.

टक्के हे शास्त्र आहे, त्याच्याशी हुज्जत कसली, हा दुसरा आक्षेप. शास्त्र आहेच, दोन अवयवांचे टक्के सरळ बेरजेने मिळवू नयेत इतके ते काटेकोर आहे. परंतु जो अवयव तपासलाच नाही त्याचा हिशेब कोणत्या शास्त्राने करावा?

राहिली खोट्या दाखल्यांची ओरड. खोटे दाखले निघतात, हे मी नाकारीत नाही. पण लबाडास फेरतपासणी नको असते, आणि अपील करणारा नेमकी तीच मागत असतो.

माझे म्हणणे याहून थोडे पुढचे आहे. कारण न देता मारलेला शेरा हा निर्णयच नव्हे. माहिती अधिकार अधिनियमाने २००५ पासून, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणे कळविण्याचे बंधन कचेऱ्यांवर घातले आहे, आणि ते निव्वळ सौजन्य नव्हे; कारण हाती असल्याशिवाय दाद कोठे मागावी हेच उमगत नाही. टक्क्यांचे गाऱ्हाणे तहसील कचेरीत व्यर्थ, उत्पन्नाचे गाऱ्हाणे इस्पितळात व्यर्थ. आणि चुकीच्या दारी बसून कित्येकांची मुदत सरते.

ही चर्चा झाल्यावर अव्वल कारकुनांनी शिंप्याच्या अपिलाचा मसुदा मागून घेतला. चष्मा पुसून तो दोनदा वाचला. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, “अरे, नामंजुरीचा कागद तुझ्या हाती कोणत्या तारखेला पडला ते कुठे लिहिलंयस? मुदत मोजायची कशावरून? आणि बारनिशीत देशील तेव्हा आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.”