न आलेल्या फोनचं कौतुक



जून-जुलै उजाडला की घराघरांतल्या मुलांच्या तोंडी सप्टेंबरचा आयफोन सुरू होतो. कंपनीने अजून अवाक्षर काढलेलं नसतं, पण त्याचा रंग, कॅमेरा, किंमत सगळं यांना पाठ! ‘लीक’ झालंय म्हणे. कोणी केलं, कसं केलं, हे विचारलं की उत्तर ठरलेलं, “मम्मी, तुला नाही कळायचं.”

फोन नसेल कळत. पण ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेली वस्तू यांतला फरक आपल्याला नक्की कळतो. माझं म्हणणं असं की, बाजारात न आलेल्या वस्तूचं हे कौतुक फुकटात होत नाही. त्याचे पैसे कोणीतरी मोजतं.

२००१ सालची अमेरिकेतली गोष्ट बघा. डीन केमन नावाचे संशोधक काहीतरी गुप्त यंत्र बनवत आहेत, अशी बातमी जानेवारीत फुटली. नावही धड कोणाला माहीत नव्हतं. कोणी ‘जिंजर’ म्हणायचं, कोणी नुसतं ‘इट’, म्हणजे ‘ते’. मग वर्षभर तर्कांचा पाऊस. शहरं या यंत्राभोवती बांधली जातील, असं स्टीव्ह जॉब्ज म्हणाल्याचंही छापून आलं. ३ डिसेंबरला टीव्हीवर पडदा बाजूला झाला आणि बाहेर आली दोन चाकांची, उभं राहून चालवायची गाडी: सेगवे! किंमत सुमारे पाच हजार डॉलर. गाडी खरंच हुशारीची होती. पुढे झुकलं की चालायची, मागे झुकलं की थांबायची. पण लोकांनी मनात जे रंगवलं होतं त्यापुढे ती खेळण्यासारखी वाटली. २०२० मध्ये तिचं उत्पादन बंद झालं, तोवर जगभर मिळून साधारण एक लाख चाळीस हजारच गाड्या खपल्या होत्या.

तिथे निदान वस्तू तरी होती. आपल्याकडे काय झालं?

फेब्रुवारी २०१६. नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीची वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात: ‘फ्रीडम २५१’, स्मार्टफोन फक्त २५१ रुपयांत. घरपोच पाठवण्याचे ४० धरून २९१. तेव्हा तूरडाळ किती कडाडली होती, आठवतं ना? दीडएक किलो डाळीच्या पैशांत स्मार्टफोन! आपण चारजणी पापड लाटता लाटता हिशोब करायला बसलो असतो, तरी सांगितलं असतं की एवढ्यात नुसती बॅटरीसुद्धा यायची नाही. पण नोंदणी सुरू झाली त्या १८ तारखेला इतकी झुंबड उडाली की वेबसाइटच बसली. पत्रकारांना दाखवलेल्या नमुन्याच्या फोनवर मुळात ॲडकॉम या दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं, ते व्हाइटनरने झाकलेलं. मोबाइल उद्योगाच्या संघटनेने सरकारला कळवलं की असा फोन साडेतीन हजारांच्या आत बसणार नाही. मुंबईचे खासदार किरीट सोमय्या यांनी तर उघड घोटाळाच म्हटलं. पुढे गवगवा झाल्यावर, नोंदणी करणाऱ्यांचे पैसे परत केल्याचं कंपनीने सांगितलं. पण फोन विकायला घेणाऱ्या वितरकांचं काय? वर्षभराने कंपनीच्या संचालकाला अटक झाली, ती गाझियाबादच्या एका वितरकाच्या तक्रारीवरून. त्याचे लाखो रुपये अडकले होते.

हे मुद्दाम सांगते, कारण आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरी दुकान आहे. ‘नवीन येतंय’ ही आवई गल्ल्यावर बसणाऱ्याला आधी लागते. कालपर्यंत विकला जाणारा माल एका दिवसात जुना ठरतो. १९८३ मध्ये ॲडम ऑस्बोर्न यांच्या कंपनीचं असंच झालं. (या गृहस्थांचं बालपण तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला गेलं होतं.) उचलून नेता येणारा त्यांचा कॉम्प्युटर छान खपत होता. पुढचं मॉडेल तयार व्हायच्या आधीच त्याचा गाजावाजा झाला, तशा दुकानदारांनी हातातल्या मॉडेलच्या ऑर्डर रद्द केल्या. सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं वाजलं. स्पर्धा वगैरे इतर कारणंही होती, पण ‘थांबा, नवीन येतंय’ यानेही घाव घातलाच.

मुलांवर मी चिडत नाही. त्यांना त्यात गंमत वाटते, वाटू दे. क्रिकेटची टीम निवडायच्या आधी आपल्या घरचे पुरुष तरी दुसरं काय करतात? पण गप्पा वेगळ्या आणि पैसे वेगळे. ‘आधी बुक करा, स्वस्तात मिळेल’ असा मेसेज भिशीच्या ग्रुपवर आला, तर कंपनीने ती वस्तू, तारीख आणि किंमत स्वतः जाहीर केली आहे का, एवढं बघितल्याशिवाय लिंक उघडू नका आणि पुढेही ढकलू नका. ठग लोक नेमके याच दिवसांची वाट बघत असतात.

आणि थांबायचं की नाही, हा प्रश्न असेल तर त्याचा हिशोब सोपा आहे. नवा आयफोन आला की आधीच्या मॉडेलची किंमत बहुधा उतरते. तेव्हा हातातला फोन नीट चालत असेल तर दोन महिने खुशाल थांबा. पण गावाकडे एकट्या राहणाऱ्या सासूबाईंचा फोन बंद पडला असेल, तर मुलगा कितीही सांगो, या रविवारीच दुकानात जा.