सातव्या वर्षी तपासणी हवी, तारांची घाई नको

‘दुधाचे दात पडू द्या, मग बघू’ हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. उलट काही पालक दुसरी-तिसरीतल्या मुलाचे दात जरा वाकडे दिसले, की लगेच तारा लावायला निघतात. दोन्ही टोके टाळायला हवीत.

सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते, मागोमाग पुढचे दात बदलू लागतात. जबडे एकमेकांवर नीट बसतात की नाही, हे सातव्या वर्षी कळू शकते. म्हणूनच अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना या वयापर्यंत पहिली तपासणी करून घ्यायला सांगते. पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे.

काही दोषांत थांबणे महागात पडते. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत असतील, तर मूल जबडा एका बाजूला सरकवून चावते आणि जबड्याची वाढही तशीच वाकडी होऊ शकते. लहानपणी टाळूचा मधला सांधा पक्का जुळलेला नसतो, त्यामुळे साध्या उपकरणाने वरचा जबडा रुंद करता येतो. वाढ पूर्ण झाल्यावर त्यासाठी शस्त्रक्रियाही लागू शकते. कीड लागून दुधाची दाढ लवकर काढावी लागली, तर मागची दाढ पुढे सरकून नव्या दाताची जागा अडवते. ही जागा राखणारे छोटे उपकरण वेळीच बसवता येते.

काही ठिकाणी मात्र धीर धरावा. आठव्या-नवव्या वर्षी पुढच्या दोन दातांत दिसणारी फट सुळे आल्यावर बहुधा आपोआप भरते. पुढे आलेल्या वरच्या दातांबाबत २०१८च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष बोलका आहे. लहानपणी एकदा आणि किशोरवयात पुन्हा, असे दोन टप्प्यांत उपचार केले, तरी शेवटचा परिणाम किशोरवयात एकदाच केलेल्या उपचारांसारखाच दिसला. फायदा एकच, पुढच्या दातांना इजा होण्याचे प्रमाण घटले. सतत धडपडणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. बाकीच्यांच्या पालकांनी दुप्पट खर्च आणि मुलाचा त्रास यांचा हिशेब जरूर मांडावा.

त्यामुळे डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: ‘हे आत्ता केले नाही, तर नेमके काय बिघडेल?’ उत्तर स्पष्ट मिळाले, तर उपचार लांबवू नका. ‘दात छान दिसतील’ एवढेच उत्तर आले, तर थांबायला हरकत नाही. खर्चाची अडचण असेल, तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांचा पर्याय आहेच.