भिंतीवरचा काळा डाग

मागच्या खेपेला इंदूरला आलो तेव्हा भाच्याने विचारलं होतं, "मामा, तुमचं इंग्लंडचं घर सिनेमातल्यासारखं आहे का?" मी "हो" म्हणून मोकळा झालो. आज खरं सांगतो.

बर्मिंगहॅमच्या दक्षिणेकडे किंग्ज हीथ नावाचं उपनगर आहे. तिथे लाल विटांच्या, शंभर वर्षांहून जुन्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेत आम्ही भाड्याने राहतो. घर बघायला गेलो जूनमध्ये. छान ऊन पडलं होतं, मागे छोटीशी बाग. तिथेच भाळलो.

डिसेंबरात मुलीच्या खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसली. पुसली, तर आठवड्यात पुन्हा हजर. मुलीचा खोकला हटेना. एजंट म्हणाला, तुमच्या स्वयंपाकात वाफ फार, कपडेही घरातच वाळवता, म्हणून ओल येते. हिचा चेहरा उतरला. नंतर कितीतरी दिवस तिने कुकर लावला नाही.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. या जुन्या घरांच्या भिंती नऊ इंची, भरीव विटांच्या. नंतरच्या घरांसारखी मध्ये पोकळी नाही. थंडीत भिंत गार पडते आणि घरातली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. हीटिंगचं बिल वाचवायला आपण खिडक्या घट्ट लावतो, मग ओल जाणार कुठे?

पण बग शोधायची सवय ना! आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं आणि रोज दोनदा आकडे लिहिले. स्वयंपाकघरापेक्षा मुलीची खोली जास्त दमट, आणि तीही पावसानंतर! बाहेर जाऊन वर पाहिलं, तर नेमक्या त्याच कोपऱ्यावरची पन्हळ फुटलेली. फोटो, तारखा, आकडे सगळं ईमेलने पाठवलं. तीन आठवड्यांनी दुरुस्ती झाली, भिंत वाळायला मात्र उन्हाळा उजाडला.

याच देशात, रॉचडेलमध्ये, २०२० साली अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला. त्याच्या वडिलांनी वारंवार तक्रार केली होती, पण दोष कुटुंबाच्या राहणीवर टाकला गेला. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. सुरुवात कौन्सिल आणि गृहसंस्थांच्या घरांपासून. हे वाचलं तेव्हा मी मुलीच्या खोलीत जाऊन बराच वेळ बसलो.

तुमच्यापैकी कुणी इकडे यायच्या तयारीत असेल, तर बाग मागाहून बघा. आधी कपाटामागचा कोपरा बघा, नाकाने वास घ्या, पन्हळीकडे मान वर करा. ऊर्जेचा दाखला मागा. त्यात 'ए' सर्वांत चांगला, 'जी' सर्वांत वाईट. तक्रार तोंडी नको, लेखी करा. आणि कुणी तुमच्या स्वयंपाकाला दोष दिला, तर मान खाली घालण्याआधी एकदा मोजून बघा.

आई फोनवर रोज सांगते, "खिडकी उघड रे, घराला वारा लागू दे." आता आम्ही सकाळी दहा मिनिटं उघडतो, कितीही गारठा असला तरी. आणि हो, कुकरच्या शिट्ट्या पुन्हा सुरू झाल्या आहेत.