वेल शेतकऱ्याची, देखावा दुसऱ्याचा

एजियन समुद्रातील सँटोरिनी या ग्रीक बेटावर वायनऱ्या पाहण्याच्या सहली हा आता एक भरभराटीचा व्यवसाय झाला आहे. अर्ध्या दिवसात तीन-चार वायनऱ्या दाखविल्या जातात, असिर्तिको द्राक्षाच्या पांढऱ्या वाईनचे घोट घेतले जातात आणि सूर्यास्ताच्या वेळी ज्वालामुखीच्या बुडालेल्या विवराकडे तोंड करून छायाचित्रे काढली जातात. पाहुणा तृप्त होऊन परततो. यात गैर काही नाही. श्रमिकालाही प्रवासाचा आणि विश्रांतीचा हक्क आहे, हे समाजवाद्यांनीच जगाला शिकविले. परंतु ज्या वेलीच्या नावावर ही सारी उलाढाल चालते, ती वेल आणि तिची मशागत करणारा शेतकरी यांच्या पदरात नेमके काय पडते, हा प्रश्न त्या सहलीत कोणी विचारीत नाही.

ही वेल सामान्य नाही. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकाने बेटावर राखेचे आणि सच्छिद्र दगडाचे थर पसरले. त्या मातीत चिकणमाती जवळजवळ नाही. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात युरोपातील द्राक्षबागा उद्ध्वस्त करणारी फायलॉक्सेरा ही मुळांवरची कीड येथे तग धरू शकली नाही आणि येथील वेली आजही स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. उन्हाळ्यात पाऊस नाही. रात्री समुद्रावरून येणारे धुके आणि त्याचा ओलावा धरून ठेवणारी माती, हाच वेलीचा मोठा आधार. वारा इतका सोसाट्याचा की मांडवावर चढविलेली वेल टिकणार नाही. म्हणून शेतकरी वेलीच्या फांद्या वर्षानुवर्षे गोल गुंफून जमिनीलगत एक टोपली तयार करतो आणि द्राक्षांचे घोस त्या टोपलीच्या पोटात सुरक्षित वाढतात. स्थानिक भाषेत या टोपलीला कुलूरा म्हणतात.

ही टोपली कोणतेही यंत्र विणू शकत नाही. छाटणी असो की ऑगस्टमधील तोडणी, ती वाकून, गुडघ्यांवर बसून हातानेच करावी लागते. उत्पादन हेक्टरी अत्यल्प. ज्यांच्या बोटांत हे कसब आहे ते बहुतेक वृद्ध आहेत आणि त्यांच्या मुलांना हॉटेलातील एका हंगामाची कमाई शेतीतील वर्षभराच्या कमाईपेक्षा अधिक भरवशाची वाटते. त्या मुलांना दोष देण्याचे कारण नाही. जी व्यवस्था खोली झाडणाऱ्याला वेल राखणाऱ्यापेक्षा अधिक देते, तिच्यात तरुणाने शेती सोडणे हाच व्यवहार ठरतो.

येथे बेटाचा थोडा इतिहास लक्षात घ्यावा लागेल. ९ जुलै १९५६ च्या भूकंपाने सँटोरिनीची गावे कोसळली, पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि अनेक कुटुंबे अथेन्सची वाट चालू लागली. त्याआधी इआ गावात कड्याच्या पोटात कोरलेल्या गुहांसारख्या घरांत खलाशी आणि गरीब माणसे राहत, तर जहाजांच्या कप्तानांचे वाडे वरच्या अंगाला असत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रीसच्या सरकारी पर्यटन संस्थेने यांतील पडीक घरांची डागडुजी करून ती पाहुण्यांसाठी खुली केली. हेतू चांगला होता आणि बेटाला उपजीविकेचे नवे साधनही मिळाले. आज मात्र गरिबांच्या त्याच गुहा एका रात्रीसाठी इतक्या महाग झाल्या आहेत की बेटावर बदली झालेल्या शिक्षकाला किंवा डॉक्टरला भाड्याने खोली मिळणे दुरापास्त झाले आहे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर ही खंडाची कथा आहे. रिकार्डोने १८१७ साली आपल्या ग्रंथात जमिनीच्या सुपीकतेतील फरकातून खंड कसा उपजतो ते दाखविले. सँटोरिनीत खंड सुपीकतेतून उपजत नाही, तो देखाव्यातून उपजतो. कड्यालगतची, वाऱ्याने झोडपलेली, शेतीला दुय्यम अशी जमीन सर्वांत मौल्यवान ठरते. आणि हा खंड हळूहळू आतल्या द्राक्षबागांपर्यंत सरकत येतो. ग्रीक कायद्याने गावठाणाबाहेर बांधकामाची वाट बराच काळ खुली ठेवली. परिणामी बागेच्या तुकड्याची किंमत त्यात पिकणाऱ्या द्राक्षांवरून ठरत नाही, तेथे उभ्या राहू शकणाऱ्या बंगल्यावरून ठरते.

यावर असे उत्तर दिले जाते की पर्यटनामुळेच असिर्तिकोची कीर्ती जगभर झाली आणि द्राक्षांचा भाव चढला. मग शेतकऱ्याने तक्रार का करावी? भाव चढला, हे खरे. परंतु २०२३ आणि २०२४ च्या दुष्काळी हंगामांत उत्पादन फार घसरले, तेव्हा त्या वाढीव भावाला गुणायला मालच थोडा उरला. शिवाय द्राक्षांचा भाव कितीही चढला तरी तो बांधकामाच्या जमिनीच्या भावाला गाठू शकत नाही. द्राक्षे महाग झाल्याने वायनरी तगेल. बाग तगेलच असे नाही. बाजारात फळाला किंमत आहे, पण वेलींनी झाकलेल्या उतारांचा जो देखावा शेतकरी दरवर्षी आपल्या श्रमाने नव्याने निर्माण करतो, त्याचा मोबदला त्याला कोणीही देत नाही. तो मोबदला सज्जाचा मालक वसूल करतो.

एजियनमधील शेतकरी अशा अन्यायापुढे नेहमीच निमूट राहिला असे नाही. सामोस बेटावर व्यापाऱ्यांच्या मक्तेदारीला विटलेल्या द्राक्ष-उत्पादकांच्या गावोगावच्या सहकारी संस्थांनी १९३४ साली एक संघ उभारला आणि आपली मस्कत द्राक्षांची वाईन स्वतः करून विकायला घेतली. सँटोरिनीतही १९४७ साली सहकारी संघ स्थापन झाला. आज याच संघाची वायनरी विवराच्या कड्यावर उभी आहे आणि पर्यटक तेथेही गर्दी करतात. म्हणजे ज्या सज्जावरून देखाव्याचे पैसे मिळतात तो सज्जा शेतकऱ्यांच्या मालकीचा असू शकतो, हे केवळ स्वप्न नाही. मात्र एकटा सहकारी संघ जमिनीच्या बाजाराशी झुंजू शकत नाही. तेथे राज्यसत्तेचीच गरज लागते.

त्या दिशेने काही पावले पडली आहेत. २०२३ साली सुमारे ८०० पर्यटन-जहाजे १३ लाखांच्या आसपास प्रवासी घेऊन या चिमुकल्या बेटावर आली. त्यानंतर जहाजांतून उतरणाऱ्यांची संख्या दिवसाला ८००० पर्यंत मर्यादित करण्याचे ठरले आणि जुलै २०२५ पासून ऐन हंगामात प्रत्येक जहाज-प्रवाशावर २० युरोंचा आकार बसविण्यात आला. महापौर निकोस झोर्झोस हे निवासाच्या खाटांची वाढ थांबवा असे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. परंतु या आकारातील ठराविक वाटा बागा राखणाऱ्यांना हेक्टरामागे थेट का मिळू नये? द्राक्षाची जमीन द्राक्षासाठीच राहील असा कडक निर्बंध का नसावा? पोहण्याच्या तलावांना पाणी पुरविणाऱ्या बेटाने तहानलेल्या वेलीला सांडपाणी शुद्ध करून का देऊ नये?

२०२५ च्या फेब्रुवारीत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली तेव्हा ११ हजारांहून अधिक लोक काही दिवसांत बेट सोडून गेले आणि हॉटेलांच्या गल्ल्या ओस पडल्या. पर्यटनावर सर्वस्व लावणारी अर्थव्यवस्था किती ठिसूळ असते, याची ती जाणीव होती. ज्या भूमीने राखेतूनही द्राक्षे पिकविली, तिने आपला एकमेव टिकाऊ आधार गमावू नये.

हा प्रश्न सँटोरिनीपुरता नाही. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यापासून नाशिकच्या परिसरात वायनऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागून सहली व विश्रामगृहेही आली. तेथील कार्यकर्त्यांनी द्राक्षाच्या दराबरोबरच बागेच्या जमिनीचा आणि तोडणी करणाऱ्या मजुराचा हिशेबही आजपासून मांडावा. सँटोरिनीच्या शेतकऱ्याला तो हिशेब फार उशिरा मांडावा लागत आहे.